लहरी दिवा



मोटारसायकल आज पुष्कळांच्या घरीं असते. निदान तिचा आवाज तरी प्रत्येकाच्या गल्लींत असतोच. तिच्यावर बसणाऱ्या माणसास इंजिनाची चिंता असते, टायरची असते, पेट्रोलची तर असतेच असते. पण त्याच गाडीच्या पोटांत एक लहानसें वीजघर चाललेलें असतें, याची आठवण त्याला बहुधा दिवा मंद झाल्यावरच होते. हें वीजघर साफ बंद पडलें तर एका परीनें बरें. बंद पडलेल्या वस्तूंतील दोष शोधतां येतो. खरी पंचाईत होते ती, तें मधूनच बंद पडतें आणि आपण पाहावयास गेलों कीं शहाण्या मुलासारखें चालूं लागतें, तेव्हां. आज मी जो इतिहास सांगणार आहें तो या लहरीपणाचा आहे.

हा विषय मला पुस्तकांतून सुचलेला नाहीं. कॉलेजांतून नुकताच बाहेर पडलों होतों, तेव्हांची गोष्ट. एक जुनी मोटारसायकल मीं विकत घेतली होती. धाकट्या बहिणीस मागें बसवून एका रात्रीं साताऱ्याहून पुण्यास येत होतों. खंबाटकीला त्या वेळीं बोगदा नव्हता. सगळी वाहतूक घाटांतूनच होई. घाटांत दिवा एकाएकीं मंद झाला, पुन्हां उजळला, पुन्हां मंद झाला. एका वळणावर तर तो निखाऱ्याएवढा उरला, आणि त्याच क्षणीं समोरून एक मालट्रक खालीं उतरत आला. गाडी डोंगराच्या अंगास लावून आम्ही दोघें तो निघून जाईपर्यंत उभे राहिलों. बहीण कांहीं बोलली नाहीं. तिनें माझ्या कोटाची बाही मात्र घट्ट धरली होती. दुसऱ्या दिवशीं गाडी एका गॅरेजांत नेली. तेथें स्टँडवर लावून इंजिन चालू केलें, तर दिवा लख्ख! “वळणावर इंजिनाचा वेग कमी होतो, म्हणून दिवा उतरतो, बॅटरी जुनी झाली आहे,” असा निर्णय मिळाला. नवी बॅटरी घेतली. आठ दिवसांनीं तोच प्रकार. मग डायनामो बदलला. पुन्हां तोच प्रकार. या गोष्टीचा शेवट मी शेवटींच सांगेन. कारण तो समजण्यास मधला इतिहास ठाऊक असणें अवश्य आहे.

पहिली मोटारसायकल म्हणून जिचा उल्लेख होतो ती गाडी जर्मनींत गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनीं १८८५ सालीं बांधली. तिच्यावर विजेचा लवलेशहि नव्हता. इंजिनांतील वायु पेटविण्यासाठीं एक नळी बाहेरच्या ज्योतीनें तापवून लाल ठेवीत. पुढें बॅटरी आणि कॉइल यांच्या साहाय्यानें ठिणगी पाडूं लागले. पण ती बॅटरी घरून भरून न्यावयाची आणि ती संपली कीं गाडी ढकलीत घरीं आणावयाची, असा व्यवहार होता. या परावलंबनांतून सोडविलें मॅग्नेटोनें. रॉबर्ट बॉश याच्या कारखान्यानें १८९७ सालीं एका फ्रेंच तीनचाकी गाडीच्या इंजिनास मॅग्नेटो जोडला, आणि १९०२ सालीं त्याच कारखान्यांतील गॉटलोब होनोल्ड यानें उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. कायमचा लोहचुंबक, त्याच्या पोटांत फिरणारें तारेचें वेटोळें, आणि त्या फिरण्यांतूनच उत्पन्न होणारी ठिणगी, बॅटरी नकोच.

दिव्याचें काम कार्बाइड करी. कार्बाइडवर पाण्याचे थेंब पडले कीं ॲसिटिलीन वायु निघतो आणि तो पांढरा शुभ्र जळतो. जत्रेंत फेरीवाल्यांच्या पाटीजवळ असे दिवे पाहिलेले श्रोते अजून असतील. हा दिवाहि लहरी होताच. पाणी संपे, नळी तुंबे, खळग्यांत गाडी आपटली कीं ज्योत विझे. परंतु त्याच्या साऱ्या लहरी डोळ्यांना दिसत आणि नाकाला कळत. शिवाय दिव्याचा आणि इंजिनाचा कांहीं संबंध नव्हता. दिवा गेला तरी गाडी चालतच राही. पुढील चाळीस वर्षांत हा काडीमोड हळूहळू मोडला आणि दोघांचा संसार एक झाला. सोय झाली खरी, पण एकाचें दुखणें दुसऱ्यास लागण्याची वाटहि झाली.

तो संसार एकदम थाटण्याचा एक साहसी प्रयत्न अमेरिकेंत झाला, आणि त्याच्यापाशीं मी थोडा थांबणार आहें. १९१२ सालीं कॅडिलॅक मोटारीवर चार्ल्स केटरिंगनें केलेला विजेचा स्टार्टर आला आणि हातानें दांडा फिरविण्याचे दिवस भरले. तें पाहून मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील स्प्रिंगफील्ड येथील ‘इंडियन’ मोटारसायकलच्या कारखान्यानें १९१४ सालीं ‘हेंडी स्पेशल’ नांवाची गाडी विक्रीस आणली. जॉर्ज हेंडी हा त्या कारखान्याचा संस्थापक. या गाडीवर विजेचे दिवे होते आणि विजेचाच स्टार्टरहि होता. सहा सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एका यंत्रास वीज देत; तें यंत्र इंजिन फिरवी, आणि इंजिन चालूं लागलें कीं तेंच यंत्र डायनामो होऊन बॅटऱ्या भरी. कल्पना इतकी सुंदर कीं आजहि तिच्यांत कांहीं उणें काढतां येत नाहीं. पण इंजिन मोठें, दोन सिलिंडरांचें. त्याला फिरविण्यास लागणारी वीज पुष्कळ, आणि थोड्याशा प्रवासांत परत मिळणारी वीज त्या मानानें तुटपुंजी. त्यांत त्या काळच्या बॅटऱ्यांना मोटारसायकलचे धक्के सोसेनात. जमेपेक्षां खर्च अधिक झाला म्हणजे जें घराचें होतें तेंच या गाडीचें झालें. एका हंगामांतच ती बाजारांतून गेली. अमेरिकेंतील मोठ्या मोटारसायकलवर स्टार्टर पुन्हां नांवारूपास आला तो १९६५ सालच्या हार्ले-डेव्हिडसनच्या ‘इलेक्ट्रा ग्लाईड’ बरोबर, म्हणजे अर्ध्या शतकानंतर. मला या गाडीची आठवण वारंवार होते. कारण आजहि बॅटरी पुनःपुन्हां उतरत असली तर पहिला प्रश्न हाच विचारावा लागतो कीं, दोष आहे कीं नुसता जमाखर्च चुकला आहे? घरापासून बाजारापर्यंत दोन मैल जाणाऱ्या आणि दहा वेळां स्टार्टर दाबणाऱ्या माणसाच्या गाडींत कोणताहि भाग न बिघडतां बॅटरी मरूं शकते.

इंग्लंडांतील कारखानदार अधिक सावध निघाले. १९२० नंतरच्या दशकांत बर्मिंगहॅमच्या लूकस कंपनीचा ‘मॅगडायनो’ प्रचारांत आला. मॅग्नेटोच्या पाठीवर एक छोटा डायनामो बसविलेला, आणि दोघांनाहि इंजिनाकडून एकाच दांत्यांच्या मालिकेनें गति. ठिणगीचें खातें निराळें, दिव्याचें निराळें. डायनामो मेला तरी इंजिनाला त्याची वार्ता नसे. दोघांमधील चाकांत एक घसरता क्लच ठेवलेला असे, तो अशासाठीं कीं डायनामोच्या धक्क्यानें दांते मोडूं नयेत. ही काळजी स्तुत्यच; पण क्लच झिजला म्हणजे तो वेळीं अवेळीं घसरे, डायनामो हवा तितका फिरत नसे, आणि तारांमध्यें दोष शोधणारा माणूस दिवसचे दिवस तारा तपासीत बसे. दोष विजेचा नसून चाकाचा होता, हें त्याला सांगणार कोण?

डायनामोचा एक स्वभाव येथें सांगितला पाहिजे. फिरत्या चुंबकानें तारेंत प्रवाह उत्पन्न होतो हें मायकेल फॅरडेनें १८३१ सालीं दाखविलें. त्यानंतर पस्तीस वर्षांनीं वेर्नर सीमेन्सला उमगलें कीं, कायमचा चुंबक नसला तरी चालतें. लोखंडांत मागच्या वेळचें थोडें चुंबकत्व शिल्लक राहतें. त्यानें थोडा प्रवाह निघतो. तो प्रवाह त्याच लोखंडावरील वेटोळ्यांतून नेला कीं चुंबकत्व वाढतें, मग प्रवाह वाढतो. विरजणाच्या थेंबानें दूध लागावें तसें हें आहे. मग विरजणच उडालें तर? पुष्कळ महिने पडून राहिलेल्या किंवा खोलून दुरुस्त केलेल्या गाडींत तें उडतें. यंत्र निर्दोष, तारा निर्दोष, आणि वीज मात्र नाहीं! जाणता मिस्त्री अशा वेळीं बॅटरीची तार क्षणभर डायनामोच्या फील्डला लावतो आणि डायनामोची हरपलेली स्मृति परत येते. न जाणता मिस्त्री डायनामो बदलतो.

सुरुवातीच्या या डायनामोंत प्रवाहावर ताबा ठेवण्यासाठीं कार्बनचा एक तिसरा ब्रश असे. ही युक्ति स्वस्त होती आणि, माझें मत विचाराल तर, अर्धवट होती. बॅटरी रिकामी आहे कीं तुडुंब, याची त्या ब्रशास कांहींच कल्पना नसे. दिवसा लांबचा प्रवास करणाऱ्याची बॅटरी उकळून आटे आणि रात्रीं हिंडणाऱ्याची उपाशी राही. चालकानें स्वतःच बटण फिरवून कमी-अधिक करावें अशी अपेक्षा होती, आणि माणसें तें विसरत. पण या यंत्राची सर्वांत फसवी खोड निराळीच. त्याचा दाब बॅटरीनेंच धरून ठेवलेला असे. बॅटरीचा एखादा स्क्रू सैल होऊन क्षणभर संबंध तुटला कीं दाब एकदम चढे आणि दिव्याचा बल्ब जळून जाई. पुढच्या खळग्यांत स्क्रू पुन्हां टेके; सर्व सुरळीत. चालक दुकानांत जाऊन बल्ब आणी, तो पुन्हां जळे, आणि तो बल्ब करणाऱ्यास शिव्या देई. जळालेला बल्ब हा येथें गुन्हेगार नसून बळी असे. आपण ज्या ठिकाणीं परिणाम पाहतों त्या ठिकाणीं कारण नसतें, ही अडचण या विद्येंत तेव्हांपासून जी शिरली ती अजून निघालेली नाहीं.

१९३० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत तिसरा ब्रश गेला आणि मोटारसायकलवर दाबाचें नियंत्रण करणारी एक काळी पेटी आली. आपल्याकडील जुने मिस्त्री तिला सरसकट ‘कटआउट’ म्हणत. वास्तविक त्या पेटींत दोन निरनिराळीं यंत्रें होतीं. एक कटआउट, इंजिन मंद असतांना बॅटरीची वीज डायनामोंत परत वाहूं नये म्हणून दार लावणारें. दुसरा रेग्युलेटर; याचे इवलेसे संपर्कबिंदु सेकंदांत कित्येक वेळां उघडमीट करून डायनामोचा जोर आवरीत. बॅटरी उतरली असेल तर अधिक, भरली असेल तर कमी, थंडींत थोडें अधिक, उन्हाळ्यांत थोडें कमी, असा हिशेब ती पेटी आपण होऊन ठेवी. बोटाएवढ्या जागेंत केवढी बुद्धि! परंतु ही बुद्धि त्या दोन बिंदूंच्या स्वच्छतेवर अवलंबून. त्यांवर जरा पुटें चढलीं कीं मधूनच चार्ज थांबे, आणि पेटीवर स्क्रू-ड्रायव्हरची मूठ ठोकली कीं चालू होई. ही ठोकण्याची विद्या फार लोकप्रिय झाली. मी तिला औषध म्हणणार नाहीं. पण ठोकल्यानें फरक पडला तर दोष कोठें आहे याचा तो चांगला पुरावा असे.

याच काळांतील गाड्यांवर, पुढच्या दिव्याच्या माथ्यावर, एक लहानसें घड्याळासारखें यंत्र असे: ॲमीटर. मध्यें शून्य, कांटा एका बाजूस झुकला तर बॅटरी भरते आहे, दुसऱ्या बाजूस झुकला तर रिती होते आहे. मला हा कांटा त्या साऱ्या युगांतील सर्वांत प्रामाणिक नोकर वाटतो. कांटा थरथरत असेल तर ब्रश किंवा सैल जोड. इंजिनाचा वेग वाढवूनहि शून्यावरच चिकटला असेल तर कटआउट मिटतच नाहीं, किंवा डायनामो निजला आहे. इंजिन बंद करूनहि उणे बाजूस पडून राहिला तर कटआउट उघडतच नाहीं, आणि सकाळपर्यंत बॅटरी रिकामी होणार. दोष ज्या क्षणीं घडतो त्याच क्षणीं साक्ष देणारा हा एकटाच होता. दुसऱ्या महायुद्धांत बी. एस. ए. कारखान्याची एम-२० ही गाडी सव्वा लाखाच्या आसपास बांधली गेली. निरोप्ये शिपाई अनोळखी रस्त्यांवरून, शत्रूच्या विमानांच्या भीतीनें झांकलेल्या अंधुक दिव्याच्या उजेडांत तिच्यावरून रात्ररात्र हिंडले. दिवा गेला तरी मॅग्नेटोमुळें त्यांचें इंजिन थांबत नसे, ही त्या जुन्या काडीमोडाची शेवटची पुण्याई.

लूकस कंपनीच्या दिव्यांना पूर्वीं ‘रस्त्याचा राजा’ असें व्यापारी नांव होतें. पुढें इंग्रज वाहनचालकांनीं त्याच कंपनीला थट्टेनें ‘अंधाराचा युवराज’ ही पदवी दिली. ही थट्टा मला पुरतीशी न्याय्य वाटत नाहीं. जुन्या गाड्यांचे दोष ज्यांनीं चिकाटीनें शोधले आहेत त्यांना ठाऊक आहे कीं, गंजलेला अर्थचा स्क्रू, सांध्यावर चढलेला हिरवा क्षार आणि घासून उघडी पडलेली तार यांनीं जितके दिवे विझविले तितके यंत्रांनीं विझविले नाहींत. गाडीचा लोखंडी सांगाडा हीच विजेची परतीची वाट असते, आणि सांगाड्यावर रंगाचा एक थर चढला तरी ती वाट अडते.

१९५३ सालीं ट्रायम्फच्या ‘स्पीड ट्विन’ गाडीवर अल्टरनेटर आला, आणि मोठा बदल झाला. यांत ब्रश नाहीं, कॉम्युटेटर नाहीं. इंजिनाच्या मुख्य दांड्यावरच एक चुंबक फिरतो आणि भोवतीं वेटोळीं स्थिर असतात. झिजण्यासारखें कांहीं उरलें नाहीं, असें वाटलें. पण लहरीपणानें नुसतें घर बदललें. तीं वेटोळीं आतां साखळीच्या पेटींत, तेलांत आणि उष्णतेंत होतीं. गाडी थंड असतांना सर्व ठीक. दहा मैल गेल्यावर तार तापे, कडक झालेल्या आवरणांतील भेग उघडे आणि चार्ज बंद. गॅरेजांत पोंचेपर्यंत गाडी निवालेली असे! अशा गाडीची थंडपणीं घेतलेली परीक्षा व्यर्थच. पुढें वेटोळीं राळेंत बुडवून घट्ट करूं लागले तेव्हां हा त्रास कमी झाला. आलटून पालटून वाहणारा प्रवाह एकदिश करण्यासाठीं सेलेनियमच्या चकत्यांचा रेक्टिफायर असे. त्याच्या चकत्या घट्ट धरणारी नट कोणीं पिळली तर आंतले संबंध बिघडत. घट्ट करावयास गेलेला हातच दोष निर्माण करून येई. शिवाय मॅग्नेटो गेल्यामुळें ठिणगी आतां बॅटरीवर आली. आतां दिवा मंद होणें म्हणजे घाटांत इंजिन थांबण्याची पूर्वसूचना.

आपल्याकडे मद्रासेस १९५५ सालीं एन्फील्ड इंडिया निघाली आणि म्हैसूरच्या कारखान्यांतून १९६१ पासून जावा गाड्या बाहेर पडूं लागल्या. बुलेट आणि जावा या दोन नांवांवर दोन पिढ्यांचे मिस्त्री शिकले. पुढें सहा व्होल्टचे बारा झाले, संपर्कबिंदु गेले, सेलेनियम गेलें, आणि रेक्टिफायर व रेग्युलेटर मिळून एक सीलबंद ठोकळा झाला. तो उघडतां येत नाहीं. पण परीक्षा सोपी आहे. पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असतांना सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते, आणि इंजिन जरा वेगानें चालू असतांना तिच्या टोकांवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट यावयास पाहिजेत. कमी आले तर वीज पोंचत नाहीं. पुष्कळच अधिक आले तर ठोकळा आवरीत नाहीं. अल्टरनेटरच्या तीन तारांत, दोन दोन घेऊन मोजल्यास, सारखाच दाब मिळाला पाहिजे. हीं तिन्हीं मापें ठीक असून बॅटरीपाशीं दाब कमी असेल तर इंजिन चालू ठेवून ठोकळ्याची बाहेर जाणारी तार आणि बॅटरीचें टोक यांच्यामध्यें मीटर धरावा. तेथें व्होल्टच्या अल्प अंशाहून अधिक दिसलें तर मधल्या एखाद्या जोडांत वीज खाल्ली जात आहे. बहुधा तो जोड तपकिरी पडलेला आढळतो.

हें सारें झालें, पण मधल्या काळांत बहुतेक गाड्यांवरून ॲमीटर निघून गेला. माझ्या त्या जुन्या गाडीवरचा तर आधींच्या मालकानें काढून भोकावर पत्र्याचें झांकण बसविलें होतें.

डायनामो बदलूनहि भागेना तेव्हां मी एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलों. बहीण बरोबर होती. त्यांनीं गाडीला हात लावला नाहीं, “केव्हां होतें?” एवढेंच विचारलें. मीं सांगितलें, “वळणावर.” बहीण म्हणाली, “डावीकडच्या वळणावर. उजवीकडे वळतांना एकदांहि झालें नाहीं. मीं घाटांत मोजलें होतें.” तिला इतके दिवस कोणीं विचारलेंच नव्हतें; मीं देखील नाहीं. मिस्त्रींनीं आपला ॲमीटर लांब तारांनीं जोडून पेट्रोलच्या टांकीवर ठेवला, इंजिन चालू केलें, आणि मला हँडल हळूहळू डावीकडे वळवावयास सांगितलें. मी वळवीत होतों, बहीण कांटा वाचीत होती. अर्धें वळण झालें आणि ती म्हणाली, “पडला.”

ॲमीटरकडे दिव्यांत जाणारी आणि तेथून परत येणारी चार्जची तार हँडलच्या मानेजवळून जात होती. ॲमीटर काढतांना तीं दोन टोकें वेड्यावांकड्या ताणानें जोडलेलीं. वरचें आवरण शाबूत. आंतील तांबें तुटून टोकाला टोक टेकलेलें. मिस्त्रींनीं चार बोटें तार कापून नवी घातली, आणि मजुरी म्हणून दीड रुपया घेतला. बदललेली बॅटरी आणि बदललेला डायनामो, दोन्ही अगदीं सुस्थितींत, आमच्या जिन्याखालीं पुष्कळ वर्षें पडून होतीं.